क्योटोच्या पेशी आणि पुराव्याचा तगादा

ऑगस्ट २००६ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात क्योटो विद्यापीठातील शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उंदराच्या त्वचेतली पूर्ण वाढ झालेली पेशी त्यांनी मागे फिरवली होती. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पेशी ज्या अवस्थेत असते, त्या अवस्थेत ती परत गेली. तिथून पुढे तिच्यापासून शरीरातली जवळजवळ कोणतीही पेशी घडवता येते, मग ती चेतापेशी असो वा हृदयाच्या स्नायूची. तोवर अशी मानवी पेशी मिळवायची तर भ्रूण नष्ट करावा लागे आणि त्यावरून पाश्चात्त्य देशांत नैतिक वाद पेटलेला होता. क्योटोच्या पद्धतीला भ्रूणाची गरजच नव्हती. चार जनुकांवर काम भागत होते.

शरीरातल्या बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. त्वचेच्या पेशीत त्वचेच्या कामापुरती जनुके चालू राहतात, बाकीची बंद असतात. बंद झालेली जनुके पुन्हा उघडतात हे ब्रिटनमध्ये जॉन गर्डन यांनी १९६२ मध्येच दाखवले होते. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक त्यांनी बेडकाच्या अंड्यात बसवले आणि त्यातून पिल्ले वाढली. अंड्यातला नेमका कोणता घटक हे घडवतो, ते मात्र उलगडले नव्हते. यामानाकांनी भ्रूणपेशीत विशेष सक्रिय असणारी २४ जनुके निवडली. एकेक घालून पाहिले तेव्हा काही झाले नाही. ताकाहाशींनी चोवीसही एकदम घातली, तेव्हा थोड्या पेशी बदलल्या. मग दर वेळी एक जनुक वगळून प्रयोग केला. जे वगळल्यावर बदल थांबतो ते आवश्यक, बाकीची अनावश्यक. अशी गाळणी करता करता उरली ती ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक ही चार. इतक्या साध्या युक्तीला नोबेल मिळाल्याची उदाहरणे थोडीच असतील. नोव्हेंबर २००७ मध्ये यामानाकांनी मानवी पेशींवर तेच करून दाखवले. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांच्या गटाचा स्वतंत्र निबंधही त्याच दिवशी आला. २०१२ चे वैद्यकाचे नोबेल गर्डन आणि यामानाका यांना विभागून मिळाले. अशा मागे फिरवलेल्या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात.

चार जनुकांपैकी सी-मिक हे कर्करोगाशी संबंध असलेले जनुक आहे. या पद्धतीच्या पेशी अंगात घेऊन जन्मलेल्या उंदरांपैकी सुमारे २० टक्क्यांना गाठी झाल्या, हे क्योटोच्याच गटाने २००७ मध्ये जाहीर केले आणि पुढे त्याला पर्याय शोधले. तेव्हापासून या संशोधनावर दोन भूमिका समोरासमोर उभ्या आहेत. एक रुग्णाला रोज सामोऱ्या जाणाऱ्या डॉक्टरची आहे, दुसरी वैद्यकीय चाचण्यांचे हिशेब तपासणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाची. पुढे त्या दोन प्रातिनिधिक वक्त्यांच्या तोंडी मांडल्या आहेत. डॉक्टर मेंदूविकारांचे आहेत. संख्याशास्त्रज्ञ बाईंचे आयुष्य तुलनेच्या गटांत गेले आहे.

डॉक्टर : शोध लागल्यापासून आठ वर्षांत पहिल्या माणसावर उपचार झाला. वैद्यकाच्या इतिहासात हा वेग विलक्षण आहे. १२ सप्टेंबर २०१४ रोजी कोबे शहरात सत्तरीतल्या एका स्त्रीच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून बनवलेल्या पेशींचा पातळ पापुद्रा बसवला गेला. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. रिकेन संस्थेच्या मासायो ताकाहाशी यांनी हे घडवून आणले. तिला उतारवयात होणारा दृष्टिपटलाचा आजार होता, मधला भाग झिजत जाऊन दृष्टी जाते तो.

संख्याशास्त्रज्ञ : तिची दृष्टी सुधारली का, डॉक्टर?

डॉक्टर : सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. तो प्रयोग सुरक्षितता पाहण्यासाठी होता. पेशी टिकल्या, गाठ झाली नाही.

संख्याशास्त्रज्ञ : आणि दुसरा रुग्ण?

दुसऱ्या रुग्णाच्या पेशी तयार झाल्या होत्या, पण त्यांच्या जनुकीय तपासणीत मूळ त्वचेत न आढळलेले बदल सापडले. ते घातक ठरतील असा पुरावा नव्हता, तरी मासायो ताकाहाशींनी २०१५ मध्ये प्रत्यारोपण थांबवले. त्यानंतर दिशा बदलली. प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या पेशी बनवून तपासायच्या तर महिनोन्‌महिने लागतात आणि खर्च आवाक्याबाहेर जातो. म्हणून क्योटोत निवडक निरोगी दात्यांच्या पेशींचा साठा करण्यात आला. ऊती जुळण्याच्या दृष्टीने हे दाते असे निवडले होते की मोजक्या दात्यांच्या पेशी सुमारे ४० टक्के जपानी लोकांना चालाव्यात. जपानची लोकसंख्या या बाबतीत बरीच एकजिनसी आहे म्हणून हे गणित बसले. भारतासारख्या देशात तेवढ्याच दात्यांत इतका मोठा वाटा साधणार नाही.

संख्याशास्त्रज्ञ : दुसरी शस्त्रक्रिया थांबवणे हा माझ्या मते त्या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा निर्णय होता. कारण त्याच शहरात, त्याच संस्थेत, पहिल्या शस्त्रक्रियेच्याच वर्षी काय घडले ते आपण दोघेही जाणतो. जानेवारी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन निबंध आले. हारुको ओबोकाता यांचा दावा होता की पेशी सौम्य आम्लात थोडा वेळ बुडवली की ती मागच्या अवस्थेत जाते. जनुके नकोत, काही नको. जुलैमध्ये दोन्ही निबंध मागे घ्यावे लागले. वर्षअखेरीस चौकशी समितीने सांगितले की त्या पेशी म्हणजे मिसळलेल्या भ्रूणपेशी होत्या. त्याआधी सोलमध्ये ह्वांग वू-सुक यांनी ‘सायन्स’मध्ये २००५ साली रुग्णांच्या ११ पेशीवंशांचा दावा केला होता. तो बनावट निघाला. घाई करणाऱ्या व्यवस्थेत असे होते.

डॉक्टर : हे दोन्ही प्रकार कोणी उघडकीस आणले ते सांगा की! ह्वांग तेव्हा कोरियाचे राष्ट्रीय वीर होते. त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे देशद्रोह समजला जात होता. तरी एमबीसी या कोरियन वाहिनीच्या पत्रकारांनी विषय लावून धरला आणि निबंधातली छायाचित्रे पुन्हा पुन्हा वापरल्याचे तरुण कोरियन संशोधकांनीच दाखवून दिले. जपानमध्ये रिकेनच्याच समित्यांनी निकाल दिला. चोर घरच्यांनीच पकडला, मॅडम.

या मुद्द्यावर डॉक्टरांची बाजू बळकट आहे. दोन्ही देशांत तपासणी बाहेरून लादावी लागली नाही. मात्र किंमत मोठी होती. कोबेच्या प्रकरणातील सहलेखक योशिकी सासाई हे प्रयोगशाळेत डोळ्याचा आराखडा वाढवून दाखवणारे नावाजलेले संशोधक होते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्यावर संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका नव्हता, देखरेखीतील कसुरीचा होता. बनावट दाव्यांची चर्चा मात्र मूळ वादापासून दूर नेते. क्योटोचा २००६ चा शोध जगभरच्या प्रयोगशाळांत रोज पुन्हा सिद्ध होतो. प्रश्न पेशींच्या खरेपणाचा राहिलेलाच नाही. त्या पेशी माणसात घातल्यावर गुण येतो की नाही, हे ठरवण्याची रीत कोणती, हा आहे.

त्या रीतीची खरी परीक्षा पार्किन्सनच्या आजारात होते. या आजारात मध्यमेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरतात, स्नायू ताठरतात, हालचाल मंदावते. लेव्होडोपा हे औषध वर्षानुवर्षे उपयोगी पडते, पुढे त्याचा प्रभाव चढउताराचा होतो. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी द्याव्यात ही कल्पना म्हणूनच मोहक आहे. क्योटोचे जुन ताकाहाशी (ते मासायो ताकाहाशींचे पती) यांनी आधी माकडांवर प्रयोग केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये पन्नाशीतल्या एका पुरुषाच्या मेंदूत दात्याच्या आयपीएस पेशींपासून बनवलेल्या सुमारे २४ लाख पेशी सोडल्या. एकूण ७ रुग्णांचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले.

डॉक्टर : आकडे पाहा. सातही जणांत गंभीर दुष्परिणाम नाही, गाठ नाही. परिणामाची मोजणी झालेल्या ६ जणांपैकी चौघांची हालचाल औषधाचा असर नसतानाच्या तपासणीत सुधारली. सरासरी सुधारणा साडेनऊ गुणांची, म्हणजे सुमारे २० टक्के. दोन वर्षांनी केलेल्या पीईटी तपासणीत मेंदूच्या संबंधित भागात डोपामीन तयार होण्याची खूण सुमारे ४५ टक्के वाढलेली दिसली. हा आजार आपोआप उलटत नाही. माझ्या बाह्यरुग्ण विभागातला माणूस दर वर्षी खालीच जातो.

संख्याशास्त्रज्ञ : दर वर्षी खाली जातो हे खरे, पण रोज वरखाली होतो हेही तितकेच खरे. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणाच्या समोर तपासले त्यावर गुण बदलतात. त्यातून मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आहे, नोबेलच्या पेशी आत गेल्या आहेत, हे रुग्णाला माहीत असते आणि बहुतेकदा तपासणाऱ्यालाही. या आजारात नुसत्या आशेनेही मेंदूत डोपामीन स्रवते, हे २००१ मध्ये पीईटी तपासणीनेच दाखवले गेले आहे. ज्या आजारात आशा हेच औषधाचे काम करते, तिथे तुलनेचा गट नसेल तर चार जण सुधारले या वाक्याला मी काय अर्थ लावू?

डॉक्टर : पण पीईटीतली वाढ तर आशेची नाही ना?

संख्याशास्त्रज्ञ : नाही, आणि म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. पेशी जगल्या आणि कामाला लागल्या, हे त्यातून कळते. रुग्णाला फायदा झाला हे कळत नाही. याच आजाराचे एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेत कर्ट फ्रीड यांच्या गटाने गर्भातील ऊतींचे प्रत्यारोपण केले आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. ४० रुग्ण होते. २० जणांना पेशी दिल्या. उरलेल्या २० जणांच्या कवटीला छिद्र पाडले, पण पेशी सोडल्या नाहीत. पेशी मिळालेल्यांपैकी १७ जणांत त्या रुजल्याचे दिसले. तरीही वर्षाअखेर आपल्याला किती बरे वाटते, या मुख्य कसोटीवर दोन गटांत फरक पडला नाही. साठीच्या आतल्यांना हालचालींच्या चाचणीत काही लाभ झाला खरा. पण पुढे पेशी मिळालेल्यांपैकी १५ टक्के जणांना अनावर हालचालींचा नवाच त्रास सुरू झाला, तोही औषध कमी केल्यावर न थांबणारा. तुलनेचा गट नसता तर तो उपचार त्याच वेळी यशस्वी म्हणून मिरवला गेला असता.

डॉक्टर : लटकी शस्त्रक्रिया! साठीच्या माणसाच्या कवटीला उगाच छिद्र पाडायचे आणि वर त्याला सांगायचे नाही. माझ्या हातून हे होणार नाही. तुमच्या तक्त्यातली रिकामी जागा भरण्यासाठी मी कोणाची कवटी उघडावी?

संख्याशास्त्रज्ञ : त्याला आधी सांगितलेले असते की दोनांपैकी एक गट मिळेल आणि तो होकार देतो. उपयोग न होणारी शस्त्रक्रिया पुढे हजारो लोकांवर होत राहिली तर त्या हजारो कवट्यांचे काय?

दोघांचे उत्तर प्रत्यक्षात दोन देशांनी दिले आहे. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ने क्योटोच्या निबंधासोबतच एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्षही छापले. भ्रूणपेशींपासून बनवलेल्या डोपामीन पेशी तिथे १२ रुग्णांना दिल्या होत्या. त्या पेशी बनवणाऱ्या ब्लूरॉक कंपनीने पुढचा टप्पा म्हणून सुमारे १०० रुग्णांची, लटक्या शस्त्रक्रियेच्या गटासह चाचणी हाती घेतली. क्योटोच्या पेशी बनवणाऱ्या सुमितोमो फार्माने ऑगस्ट २०२५ मध्ये जपान सरकारकडे थेट विक्रीच्या मंजुरीसाठी अर्ज केला. आजार एक, पुरावा साधारण एकाच तोलाचा, वाटा मात्र वेगळ्या. हा फरक शास्त्रज्ञांच्या स्वभावातून आलेला नाही. तो कायद्यातून आला आहे.

हा कायदा जपानी संसदेने नोव्हेंबर २०१३ मध्ये केला आणि नोव्हेंबर २०१४ पासून तो लागू झाला. यामानाकांच्या नोबेलनंतरचा तो काळ होता. सरकारने पुनर्जननवैद्यकावर दहा वर्षांत ११० अब्ज येन खर्चायचे ठरवले होते आणि या क्षेत्राकडे उद्योगवाढीचे साधन म्हणून पाहिले जात होते. नव्या तरतुदीनुसार पेशींपासून बनवलेले उत्पादन सुरक्षित आहे आणि गुणकारी असण्याची ‘शक्यता’ आहे, एवढे दाखवले की त्याला अटींसह मंजुरी मिळते. मुदत जास्तीत जास्त सात वर्षे. त्या काळात उत्पादन विकायचे, रुग्णांची माहिती गोळा करायची आणि मुदत संपण्यापूर्वी खरा गुण सिद्ध करायचा.

डॉक्टर : यात गैर काय? नेहमीच्या पद्धतीने दहा-बारा वर्षे जातात. तेवढ्यात मणक्याला इजा झालेला तरुण कायमचा अंथरुणाला खिळतो. साप्पोरो वैद्यकीय विद्यापीठाने अशा १३ रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. १२ जणांची किमान एक पायरी सुधारणा झाली. ‘स्टेमिरॅक’ या नावाने त्या उपचाराला २०१८ च्या अखेरीस सशर्त मंजुरी मिळाली. तुम्ही म्हणाल त्याप्रमाणे आणखी शंभर जणांना दोन गटांत विभागत बसले असते तर किती जणांची वेळ निघून गेली असती?

संख्याशास्त्रज्ञ : मणक्याच्या इजेनंतर पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच रुग्णांत आपोआप सुधारणा होते, डॉक्टर, आणि हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. या रुग्णांना पेशी दिल्या गेल्या त्या नेमक्या त्याच काळात. मग बारांपैकी किती पेशींमुळे उठले आणि किती तसेही उठले असते? आणि किंमत सुमारे दीड कोटी येन. जपानमध्ये आरोग्य विमा मोठा वाटा उचलतो, बाकीचा रुग्ण. म्हणजे सिद्ध न झालेल्या गोष्टीच्या चाचणीचा खर्च करदाते आणि रुग्ण देतात आणि कंपनी माल विकते. ‘नेचर’ने संपादकीयांतून यावर जाहीर टीका केली होती.

डॉक्टर : टीका झाली, पण अटी पाळल्या गेल्या की! ज्याचा गुण दिसला नाही ते बाजारातून गेले. कायद्याने आपले काम केले.

संख्याशास्त्रज्ञ : किती वर्षांनी?

टेरुमो कंपनीच्या ‘हार्टशीट’ची कहाणी या प्रश्नाचे उत्तर देते. रुग्णाच्या मांडीतील स्नायूपेशी वाढवून त्यांचे पापुद्रे निकामी होत चाललेल्या हृदयावर चिकटवायचे, असा हा उपचार होता. ७ रुग्णांच्या चाचणीवर सप्टेंबर २०१५ मध्ये त्याला सशर्त मंजुरी मिळाली. पाच वर्षांत पुरावा गोळा झाला नाही म्हणून मुदत वाढवून देण्यात आली. जुलै २०२४ मध्ये सरकारी तज्ज्ञ समितीने गुण सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला आणि उत्पादन बंद झाले. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षे ते मंजूर उपचार म्हणून दिले जात होते. पायांच्या रक्तवाहिन्या बंद होण्यावरची ‘कोलॅटेजीन’ ही जनुकीय उपचारपद्धती मार्च २०१९ मध्ये याच वाटेने आली आणि जून २०२४ मध्ये कंपनीने तीही मागे घेतली. एका महिन्याच्या अंतराने दोन उत्पादने गेल्यावर सशर्त मंजुरीची प्रतिष्ठा जपानमध्येही डागाळली. हृदयावर आयपीएस पेशींचे पापुद्रे लावण्याची ओसाकाच्या योशिकी सावा यांची पद्धत वेगळी आहे. त्यातले पापुद्रे स्वतः धडधडतात. पण क्युओरिप्स कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी जो अर्ज केला, त्यामागेही ८ रुग्णांचीच चाचणी होती. त्याच वर्षीच्या ओसाका जागतिक प्रदर्शनात आयपीएस पेशींपासून बनवलेले चिमुकले धडधडणारे हृदय पाहायला रांगा लागल्या होत्या. प्रदर्शनात शोभणारी वस्तू आणि रुग्णाच्या छातीत टिकणारी वस्तू यांत बरेच अंतर असते, हे मांडणाऱ्यांनी सांगितले असते तर बरे झाले असते.

डॉक्टर : तुमचा रोख प्रत्येक वेळी संख्येवर आहे. सात कमी, आठ कमी, तेरा कमी. मग तिआनजिनची तरुणी तर एकटीच होती. तिच्याबाबत काय म्हणाल?

चीनमधील पेकिंग विद्यापीठाचे देंग होंगकुई यांनी क्योटोची वाट थोडी बदलली. जनुके आत सोडण्याऐवजी ठरावीक रसायनांच्या क्रमाने पेशी मागे नेता येते, हे त्यांनी २०१३ मध्ये उंदरांत आणि २०२२ मध्ये मानवी पेशींत दाखवले. या पद्धतीने पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या एका २५ वर्षांच्या स्त्रीच्या चरबीतील पेशींपासून इन्सुलिन तयार करणारे पेशीपुंज बनवले गेले आणि जून २०२३ मध्ये तिच्या पोटाच्या स्नायूंच्या आवरणाखाली ठेवले गेले. एरवी असे पुंज यकृतात सोडतात, जिथे पुढे त्यांच्यावर नजर ठेवणे अवघड जाते. पोटात ते एमआरआयवर दिसतात आणि वेळ आलीच तर काढता येतात. अडीच महिन्यांनी तिला बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागेना. वर्षभर तसेच राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये हे निष्कर्ष ‘सेल’मध्ये आले.

संख्याशास्त्रज्ञ : ती एकटी होती, तरी मी तिला मानते.

डॉक्टर : कमाल आहे! मग तेरा जणांना का नाही?

संख्याशास्त्रज्ञ : कारण वर्षानुवर्षे जडलेल्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर पुन्हा आपणहून इन्सुलिन तयार करू लागले, असे होत नाही. आशेने होत नाही, डॉक्टरांच्या धीराने होत नाही. रक्तातली साखर आणि शरीराने स्वतः बनवलेले इन्सुलिन दोन्ही मोजता येतात. शून्यावरचा काटा हलला तर तो पेशींनीच हलवला. एका रुग्णावरून मी एवढे कबूल करीन. किती काळ टिकेल ते मात्र तिच्यावरून कळत नाही. पूर्वी झालेल्या यकृताच्या प्रत्यारोपणामुळे ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आधीपासूनच घेत होती. हा आजार मुळात प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने होतो. औषध न घेणाऱ्या रुग्णात तो हल्ला नव्या पेशींवरही होणार का, हे तिच्यावरून सांगता येणार नाही.

इथे वादाचा गाभा उघड होतो आणि तो दोघांनी सुरुवातीला मांडला त्यापेक्षा वेगळा आहे. रुग्ण किती, हा प्रश्न दुय्यम ठरतो. आजार स्वतःहून हलतो की नाही, हा पहिला. ओसाकाच्या कोजी निशिदा यांच्या नेत्ररुग्णांचे उदाहरण याच कसोटीवर उतरते. बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी (स्टेम सेल) नष्ट झाल्या की पारदर्शक पटलावर पांढुरका पडदा चढतो आणि तो आपोआप उतरत नाही. २०१९ ते २०२० या काळात चौघांच्या डोळ्यांवर आयपीएस पेशींचे पापुद्रे बसवले गेले. दोन वर्षांत एकालाही गाठ झाली नाही. तिघांची दृष्टी टिकाऊपणे सुधारली, चौथ्याची सुधारून वर्षभरात पुन्हा घसरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे प्रसिद्ध केले. चार जणांचा पुरावा इथे बोलका आहे. याच आजारात एक डोळा शाबूत असेल तर दुसऱ्यासाठी त्यातल्याच ऊतीचा कण वापरण्याची स्वस्त शस्त्रक्रिया हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २०१२ मध्ये मांडली आणि ती अनेक देशांत वापरली जाते. ओसाकाची पद्धत कामाची आहे ती दोन्ही डोळे गेलेल्यांसाठी. पार्किन्सन आणि मणक्याची ताजी इजा यांची गोष्ट उलटी आहे. तिथे आजाराचा काटा सतत हलत असतो आणि तुलनेच्या गटावाचून सात काय, सत्तर रुग्णही अपुरे पडू शकतात. जपानचा कायदा या दोन जातींच्या आजारांत भेद करत नाही. त्याची खरी उणीव हीच आहे.

डॉक्टर : मान्य. पण माझ्या एएलएसच्या रुग्णाला तीन-चार वर्षे असतात. त्याला कायद्याची उणीव समजावून मी काय देऊ?

संख्याशास्त्रज्ञ : त्याच्याबाबत क्योटोच्या पेशींनी वेगळे काही दिले आहे आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

एएलएसमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरतात. जिवंत रुग्णाच्या त्या पेशी काढून तपासता येत नाहीत. तोक्योतील केइओ विद्यापीठाचे हिदेयुकी ओकानो यांच्या गटाने रुग्णांच्या आयपीएस पेशींपासून तशा चेतापेशी बशीत वाढवल्या. त्यांच्यात आजाराच्या खुणा उमटल्या. मग आधीपासून वापरात असलेली शेकडो औषधे त्यांच्यावर घालून पाहिली. रोपिनिरोल हे पार्किन्सनचे जुने औषध उपयोगी दिसले. पेशी रुग्णाच्या अंगात घालण्याचा प्रश्नच नव्हता. २० रुग्णांची चाचणी झाली, तुलनेच्या गटासह. पहिल्या सहा महिन्यांत दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. वर्षभराचा हिशेब केल्यावर सुरुवातीपासून औषध घेणाऱ्यांत आजार बळावण्याचा काळ सुमारे २८ आठवड्यांनी लांबलेला आढळला. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या चाचणीशिवाय यावर शिक्कामोर्तब होणार नाही, पण गोळी स्वस्त आहे आणि तिचे दुष्परिणाम डॉक्टरांना आधीच ठाऊक आहेत. क्योटोमध्येही हारुहिसा इनोउए यांच्या गटाने याच मार्गाने बोसुटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध एएलएससाठी चाचणीला आणले. आयपीएस पेशींचा सर्वांत मोठा उपयोग प्रत्यारोपणाऐवजी औषधांच्या शोधात ठरण्याची शक्यता बरीच आहे.

डॉक्टर : ते खरे असेल. पण परवाच माझ्या एका रुग्णाच्या मुलाने विचारले, जपानमध्ये होते ते इथे का नाही? मुंबईत तर एक जण पाच लाखांत देतो म्हणे.

संख्याशास्त्रज्ञ : त्याला सांगा, जपानमधल्या त्या सात रुग्णांत आणि इथल्या त्या पाच लाखांच्या इंजेक्शनात नावापलीकडे काहीही सारखे नाही. या एका बाबतीत तरी आपले दोघांचे मत एकच असेल.

डॉक्टर : एकच आहे.

सशर्त मंजुरी असो वा लटक्या शस्त्रक्रियेची चाचणी, पूर्व आशियातील या सर्व प्रयोगांत पेशी कुठून आल्या, किती दिल्या आणि पुढे काय झाले याची नोंद जाहीर आहे. म्हणूनच त्यांच्यावर वाद घालता येतो. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताशी निगडित मान्यताप्राप्त आजारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा कोणताही वापर नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नाही आणि चाचणीतील प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तरीही मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत पार्किन्सन, स्वमग्नता, मणक्याची इजा आणि मधुमेह यांवर असे उपचार विकले जातात. कोणी असा उपचार सुचवला तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातील नोंदणी क्रमांक मागावा. तो वेबसाइटवर कोणालाही विनामूल्य पडताळता येतो. क्रमांक नसेल किंवा पैसे मागितले जात असतील, तर तिथून उठावे.